बांधलेली शिट्टी

दुपारची भाकरी खाऊन हात धुताना रुपाबाईच्या लक्षात आलं, की शिट्टी वाजायची थांबली आहे.

कालपासून ती सारखी वाजत होती. इतकी, की कानांना तिची सवय झाली होती, आणि सवयीचा आवाज थांबला की माणूस दचकतो तशी रुपाबाई दचकली. मग तिला बरं वाटलं. झाली वाटतं दुरुस्त, असं मनाशी म्हणत तिनं पदराला हात पुसले.

हळद जमिनीतून काढली की तशीच बाजारात नेता येत नाही. आधी ती वाफेवर शिजवावी लागते, मग पंधरवडाभर उन्हात वाळवावी लागते. शिजवायची सोय काही प्रत्येक शेतकऱ्याकडे नसते. म्हणून बॉयलरवाले आपापली टोळी घेऊन, चाकांवरचा बॉयलर ट्रॅक्टरला जोडून वावरोवावरी फिरतात. मधे पाण्याची बंद टाकी, तिच्या पोटाखाली भट्टी आणि दोन्ही अंगांना हळदीचे मोठाले ढोल. भट्टीत लाकडं जळतात, टाकीतल्या पाण्याची वाफ होते आणि नळ्यांमधून ती ढोलांत शिरून हळद शिजवते. टाकीच्या माथ्यावर एक पितळी तोटी असते. आत वाफ जास्त झाली की ती आपोआप उचलली जाते, जास्तीची वाफ फुसफुसत बाहेर पडते आणि टाकीवरचा ताण उतरतो. टोळीतले सगळे या तोटीला शिट्टी म्हणत.

हा बॉयलर हेमसिंगचा होता. हेमसिंग म्हणजे रुपाबाईचा धाकटा दीर. मानोरा तालुक्यातल्या त्यांच्या तांड्यावर आजवर कोणी कशाचा मालक झाला नव्हता. दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. हेमसिंगनं जुना का होईना बॉयलर घेतला, त्या दिवशी रुपाबाईनं त्याची दृष्ट काढली होती. लहानपणी त्याला तिनंच भरवलेलं, नाक पुसलेलं. पण मालक झाल्यापासून तीही चारचौघांत त्याला ‘तुमी’ म्हणू लागली. तो मात्र तिला पूर्वीसारखाच ‘भाबी, तू’ म्हणे.

यंदा टोळी किन्हीराजाच्या शिवारात, इंद्रभान पाटलांच्या वावरात उतरली होती आणि होळी परवावर आली होती.

ही होळी रुपाबाईच्या घरासाठी नेहमीची नव्हती. तिचा मुलगा बादल आणि सून संगीता दोघंही याच टोळीत होते. त्यांना यंदा मुलगा झाला. त्याचं नाव नवीन. तांड्यावर वर्षभरात ज्या घरी मुलगा जन्मतो, त्याची होळीला धुंड करतात. बाळाला अंगणात घेऊन बसायचं, गेरियांनी, म्हणजे होळी खेळणाऱ्या गड्यांनी, त्याच्याभोवती काठ्या वाजवत लेंगी, म्हणजे होळीची गाणी, गायची, पोराला मोठं हो, शूर हो म्हणायचं, आणि मग सगळ्या तांड्यानं गोडधोड खायचं. धुंड पहिल्याच होळीला होते, नंतर नाही. रुपाबाईनं नातवासाठी आरशांचं टोपडं शिवून ठेवलं होतं. पण पाटलांची हळद शिजवून झाल्याशिवाय टोळीला निघता येत नव्हतं. कालपासून शिट्टी अवेळी उचलली जाऊन वाफ वाया जात होती. लाकडं भसाभस जळत होती आणि ढोलातली हळद काही लवकर मऊ होत नव्हती.

म्हणून शिट्टी थांबलेली पाहून तिला बरं वाटलं. भट्टीसमोर रूपला लाकडं सारत बसला होता. त्याच्याजवळून जाताना ती म्हणाली, की मिस्त्री येऊन गेला वाटते.

रूपला हसला. गेल्या हंगामात वाफेची नळी सुटून त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. तिथली कातडी अजून पांढरी-गुलाबी, ठिगळं लावल्यासारखी होती. टोळी त्याला ‘उकडलेला रूपला’ म्हणायची आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा.

“मिस्तरी कायले पाहिजे?” तो म्हणाला. “आमीच औषध देल्लं तिले. वर पाह्य.”

रुपाबाईनं वर पाहिलं. शिट्टीच्या दांड्यावर नांगराचा एक जाडजूड फाळ लटकत होता. तो तारेनं आवळून, पिळे देऊन पक्का बांधला होता. शिट्टी दुरुस्त झाली नव्हती, तिचं तोंड दाबलं होतं.

“कोनं बांधलं हे?”

“तुह्याच लेकानं. लय डोकं हाय पोट्ट्याले.”

बादल ढोलामागून आला. आईच्या चेहऱ्याकडं न बघताच तो मोठ्या उत्साहानं सांगू लागला, की आता वाफ कशी जोरात लागून राह्यली, सकाळच्या निम्म्या वेळात खेप कशी उतरते, असंच चाललं तर उद्या संध्याकाळी आपण तांड्याच्या वाटेला लागतो. त्याच्या हाताला तारेचे ओरखडे होते. बापानं मुलाच्या धुंडीसाठी केलेलं काम ते, त्यात त्याला लपवण्यासारखं काहीच वाटत नव्हतं.

रुपाबाईनं राग आवरला. लहान मुलाला समजवावं तसं ती म्हणाली, “बाबू, घरच्या कुकरची शिट्टी वाजली नाही तं आपून काय करतो? गॅस बंद करतो का नाही?”

“ते घरचं कुकर हाय याडी. हे लोखंड पाह्य किती जाड हाय.” तांड्याच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

“जाड हाय म्हून तं भेव वाटते. घरचं कुकर फुटलं तं हात भाजते. हे फुटलं तं कोन कुठी सापडन?”

“तू बी ना,” बादल म्हणाला. जमलेल्या दोघाचौघांनी हसून घेतलं.

तिनं बॉयलरच्या छातीवरच्या मीटरकडं बोट केलं. आतल्या वाफेचा जोर सांगणारा तो काटा मागच्या हंगामापासूनच मेला होता. रूपला रोज सकाळी त्याच्या काचेवर टिचकी मारून ‘राम राम’ करायचा. म्हणजे आत किती वाफ कोंडली आहे ते दाखवणारा काटा मेलेला, जास्तीची वाफ सोडणारी शिट्टी बांधलेली, आणि भट्टीत लाकडं चाललेलीच. हे ती बोलून दाखवत होती, आणि समोरचे तिच्याकडं एखादी म्हातारी भुताची गोष्ट सांगत असावी तसं पाहत होते. भुताला यातला प्रत्येक जण भ्याला असता. लोखंडाला कोणी भीत नव्हतं.

मग ती हेमसिंगकडं निघाली. तो आज दूर होता. वावराच्या कडेला, धुऱ्यावरच्या एकुलत्या बाभळीखाली उभा राहून तो तिथूनच हुकूम सोडत होता, हा ढोल उलटा, ती वाफेची चावी बंद कर, टोपली उचला. लांबून ओरडून त्याचा घसा बसत चालला होता. ढेकळं तुडवत ती त्याच्यापर्यंत गेली आणि फाळ काढायला सांगितलं.

हेमसिंगनं आधी हसण्यावारी नेलं. मग सांगितलं, की हंगामाच्या सुरुवातीला पोहरादेवीला नारळ फोडला आहे, बॉयलरला झेंडा बांधला आहे, इतकी वर्षं काही झालं नाही तर आज काय होणार. नवी शिट्टी आणायची तर मालेगावला माणूस पाठवावा लागेल, तिथं नाही मिळाली तर वाशिमला, तोवर होळी कोण थांबवणार. शेवटी त्यानं नेम धरून बोलावं तसं म्हटलं, “धुंड माह्या नातवाची नाही भाबी. तुह्या नातवाची हाय.”

तेवढ्यात इंद्रभान पाटील आणि त्यांची बायको तुळसाबाई ताक घेऊन आले. पाटलांना चार शब्दांत सगळं कळलं. त्यांची हळद काढून पडली होती, ढिगावर ऊन लागून ती सुकत होती. सणाला लेक-जावई यायचे होते. ते म्हणाले, आपण काही बॉयलरचे इंजिनिअर नाही, तुमच्यातलं तुम्ही पाहा, आपल्याला उद्या वावर मोकळं पाहिजे. एवढं बोलून त्यांनी ताकाचा पेला हेमसिंगच्या हातात दिला.

रुपाबाई तुळसाबाईकडं वळली. “वहिनी, तुमीच सांगा. तुमच्या कुकरची शिट्टी दाबून कोनी वर पाटा ठेवला, तं तुमी त्या सैपाकघरात बसान का?”

“नाही बसणार बाई,” तुळसाबाई पटकन बोलून गेली. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं, आणि पुढं म्हणाली, की पण मशीनचं मला काय कळते, माणसांना ठाऊक असेल. ती किटली घेऊन बायकांना ताक वाढायला निघून गेली.

रुपाबाईच्या कानशिलात आग उठली. कळत होतं! घरात चूल सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईला हे कळतं. तुळसाबाईला कळत होतं, ढोल भरणाऱ्या पोरींना कळत होतं, पांढरा हात घेऊन बसलेल्या रूपलाला तर सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. पण कळलेलं तोंडावर आणायची वेळ आली की एकीला नवरा आठवायचा, एकाला मालक, एकाला सण. आणि उद्या काही झालं असतं तर हेच सगळे कपाळाला हात लावून म्हणाले असते, नशीब! रूपला भाजला तेव्हाही असंच म्हणाले होते. नळी घट्ट करायला लागणारा तो चार बोटांचा पट्टा कोणी आणला नाही, असं कोणीच म्हणालं नाही.

ती परत बॉयलरकडं आली ती नातवाला उचलायला. वावरात त्या बाभळीशिवाय झाड नव्हतं. म्हणून बादलनं ट्रॉलीच्या दोन दांड्यांना नवीनची झोळी बांधली होती आणि टाकीत भरायच्या पाण्याची पिंपं ट्रॉलीवर असल्यानं ती बॉयलरला अगदी लागून उभी असायची. सावली तेवढीच. बायका तिथंच भाकरी खायच्या आणि हेमसिंगची मोटरसायकलही रोज तिथंच असायची.

रुपाबाई थांबली.

मोटरसायकल तिथं नव्हती.

मऊ मातीत चाकाची रेघ उमटली होती. ती सरळ धुऱ्याकडं, बाभळीकडं गेली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. बाभळीची सावली ती केवढी! गाडी अर्धी उन्हात उभी होती. आणि ही गाडी हेमसिंग उन्हात ठेवत नसे. सीट तापते, रंग जातो म्हणून तो तिच्यावर आपल्या गळ्यातला दुपट्टा टाकायचा, आणि कोणी टेकून उभं राहिलं तरी शिवी हासडायचा.

संगीता टोपलं घेऊन जवळून जात होती. तिला तिनं विचारलं, गाडी कधी हलवली.

“त्याईनं वर फाळ बांधला ना, तवाच,” संगीता म्हणाली. “धाकले मामंजी म्हने, राख उडते गाडीवर.”

राख काय आज उडत होती? हंगाम सुरू झाल्यापासून ती त्या गाडीवर उडत होती आणि रोज संध्याकाळी बादल ती पुसत होता.

आत्तापर्यंत रुपाबाई न कळणाऱ्या माणसांवर चिडली होती. न कळणाऱ्याला समजावता येतं. आज नाही तर उद्या, एकदा नाही तर दहादा. पण हेमसिंगला न कळण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. धोका कुठं आहे, कुठवर पोचेल, हे त्यानं नीट मापलं होतं आणि त्या मापाबाहेर आपली गाडी नेऊन लावली होती. स्वतःही तिथंच जाऊन उभा राहिला होता आणि घसा फाटेस्तोवर लांबून ओरडत होता. एका हातानं त्यानं गाडी ढकलत नेली, तेव्हा दुसऱ्या हाताच्या अंतरावर ही झोळी होती. कदाचित त्यानं स्वतःशीही ते कबूल केलं नसेल. राख उडते, असंच त्यानं स्वतःला सांगितलं असेल. म्हणून काय झालं?

तिनं झोळीतून पोराला काढलं आणि संगीताच्या कडेवर दिलं. पार दुसऱ्या धुऱ्यावर जा आणि मी बोलावल्याशिवाय येऊ नको, असं सांगितलं. संगीतानं सासूचा चेहरा पाहिला आणि टोपलं तिथंच टाकून निघाली.

रुपाबाईनं रूपलाजवळचं, निखारे ओढायचं दाताळं उचललं आणि भट्टीच्या तोंडात घातलं.

पहिल्या हिसक्यालाच जळता ओंडका फुफाटा उडवत बाहेर आला. रूपला ओरडत मागं पडला. दुसरा ओंडका, तिसरा. निखाऱ्यांची रास तिच्या पायांपाशी जमू लागली. ती दाताळ्यानं ती बाजूला ओढत होती. लुगड्याच्या काठाला ठिणग्या लागत होत्या. रूपला बादली घेऊन धावला आणि पाणी टाकीवरच ओतायला निघाला, तेव्हा ती त्याच्यावर खेकसली, की तापल्या तव्यावर गार पाणी कोण ओततो, ओतायचं तर बाहेरच्या निखाऱ्यावर ओत, आणि ढोलांच्या चाव्या उघड्या ठेव, वाफ जाऊ दे.

हेमसिंग बाभळीखालून पळत आला. शिव्या देत, हात नाचवत. आणि वावराच्या मध्यावर, हळदीच्या ढिगापाशी, अचानक थांबला. तिथूनच ओरडू लागला, “भाबी! पागल झाली का? ठेव ते खाली!”

रुपाबाईनं दाताळं थांबवलं नाही. ती म्हणाली, “तू येऊन हातातून घे.”

बायकांनी टोपली खाली ठेवली. कितीतरी वर्षांनी रुपाबाईच्या तोंडून ‘तू’ निघालं होतं.

“ये ना. एवढा मोठा मालक हाय तू. मले हात धरून बाजूले कर. मी काय तुह्यापेक्षा ताकदवान हाव?”

हेमसिंगनं एक पाऊल टाकलं. त्याची नजर वर, त्या फाळावर गेली. पाऊल तिथंच राहिलं.

“काहून थांबला? गाडी काहून हलवली तू, हेमसिंग?”

तो म्हणाला, राख.

“राख गाडीवर उडते. पोरावर नाही उडत?”

इंद्रभान पाटील ढिगाच्या पलीकडं उभे होते, तेही नकळत दोन पावलं मागं सरले. सगळी टोळी आळीपाळीनं पाहत होती. इकडं भट्टीसमोरची म्हातारी, तिकडं ढिगापाशी खिळलेला मालक, आणि मधलं मोकळं वावर, ज्यात तो काही केल्या यायला तयार नव्हता.

बादल इतका वेळ ढोलाजवळ उभा होता. तो पुढं आला आणि आईच्या हातातलं दाताळं धरलं. ती सोडेना. तिला वाटलं, हा आता सगळी लाकडं परत आत सारणार. त्यानं जोर लावून दाताळं हिसकावून घेतलं, खाली वाकला, भट्टीच्या पार तळाशी ते घालून उरलेला जाळ बाहेर ओढला. तो ओढतच राहिला, निखारे संपून नुसती राख यायला लागली तरी. आईकडं त्यानं पाहिलं नाही.

मग सगळे दुसऱ्या धुऱ्यावर जाऊन बसले.

काही झालं नाही. हे सांगायलाच हवं, कारण पुढं सगळ्यांनी हेच सांगितलं. बॉयलर फुटला नाही. वाफ हळूहळू ढोलांत गेली, नळ्या कुरकुरल्या, ऊन उतरलं आणि टाकी हाताला सोसेल इतकी निवली. बादल वर चढला आणि तार कापून फाळ खाली टाकला. तो ढेकळांत पडला, त्याचा आवाजही फारसा झाला नाही.

आता हेमसिंग जवळ आला. आता त्याला जवळ येता येत होतं. “झालं काही?” तो सगळ्यांना विचारत सुटला. “सांगा ना, झालं काही? अर्धी कच्ची हळद ढोलात पडली. कोन भरून देईन?” इंद्रभान पाटील म्हणाले, उगाच घोटाळा केला. संध्याकाळपर्यंत टोळीतही विनोद सुरू झाला, की बॉयलर नाही फुटला, याडीच फुटली.

रुपाबाई ऐकत होती. माणूस वाचला की त्याला वाचल्याची खूण कुठं राहत नाही, हे तिला त्या संध्याकाळी कळलं, आणि तिला वाईट वाटलं नाही, तिची चीड दुप्पट झाली. रूपलाचा हात तरी दाखवता येतो. न भाजलेला हात कोणाला दाखवायचा?

पण एक गोष्ट झाली होती. दुसऱ्या दिवशी हेमसिंगनं भट्टी पेटवायला सांगितलं, तेव्हा बायका टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या. नवी शिट्टी आणि चालू मीटर लागल्याशिवाय उठायचं नाही, असं रुपाबाईनं सांगितलं होतं, पण तिच्या सांगण्यानं त्या बसल्या नव्हत्या. ढिगापाशी थांबलेला मालक त्यांनी स्वतः पाहिला होता. हेमसिंगनं दुसरी टोळी आणायची धमकी दिली. सणाच्या तोंडावर दुसरी टोळी कुठून येणार? त्यानं रूपलाला एकट्याला जाळ घालायला सांगितलं. रूपला आपला हात उलटापालटा करून बघत म्हणाला, “मालक, आता शिजाले माह्यी कातडी कुठी उरली?” एरवी या बोलण्यावर सगळे हसले असते. हेमसिंग मोटरसायकलला किक मारून मालेगावला गेला. तिथं मिळालं नाही. वाशिमला सांगून ठेवलं, तर दुकानदार म्हणाला उद्या.

आणि उद्या होळी होती.

होळीच्या दिवशी दुपारी बादलच्या मोबाइलवर त्याच्या बहिणीचा, रंजीताचा व्हिडिओ आला. तांड्यावर पहाटेच होळी पेटली होती. तिच्या मागं अंगणात डफ वाजत होता, गेरिये काठ्या आपटत लेंगी गात होते आणि मधे कोणाचं तरी बाळ रडून लाल झालं होतं. शेवटी रंजीता मोबाइल स्वतःकडं वळवून विचारत होती, तुमी कुठी राह्यले, सगळे वाट पाहून राह्यले.

बादलनं तो व्हिडिओ दोनदा पाहिला. मग तो आईला म्हणाला, “माह्या पोराची धुंड गेली.”

“गेली,” रुपाबाई म्हणाली.

“परत नाही येत ते.”

“नाही येत. ती मी घालवली, असं म्हनशील? म्हन. पन फाळ तू बांधला आन् ज्यानं तो तुले बांधू देल्ला, त्याची गाडी आज बी चकाचक हाय. त्याले विचारलं का एकदा तरी? मलेच विचारतं, कारन मी तुह्या जवळ उभी होती.”

बादल उठून पलीकडं जाऊन बसला, तिच्याकडं पाठ करून. संगीतानं आरशांचं टोपडं पिशवीतून काढलं आणि पोराच्या डोक्यावर चढवलं. रुपाबाईला ते बघवलं नाही. टोपडं तिनं बऱ्याच दिवसांच्या मेहनतीनं शिवलं होतं. ती उठून बॉयलरभोवती फिरत राहिली. नळ्यांचे सांधे, चाव्यांच्या मुठी, भट्टीचं तोंड, सगळं हातानं चाचपत, तोंडानं पुटपुटत.

एक दिवस उशिरा, धुळवडीच्या सकाळी वाशिमहून शिट्टी आली, मीटर आलं, आणि ते बसवायला मिस्त्री आला. त्यानं नळीचा सैल सांधाही रुपाबाईनं दाखवला म्हणून आवळून दिला. जुनी शिट्टी हातात घेऊन, आत गंज आणि क्षार चढलाय म्हणून तिला नीट बसता येत नव्हतं, एवढं सांगून तो निघून गेला. भट्टीत लाकडं रचली गेली. रूपला काडेपेटी घेऊन सवयीनं आपल्या जागेवर येऊन बसला.

“तू ऊठ,” रुपाबाई म्हणाली. मग तिनं हेमसिंगकडं पाहिलं. “आज जाळ मालक घालन.”

हेमसिंगला आधी वाटलं ती थट्टा करते आहे. मग त्यानं बायकांकडं पाहिलं. एकीनंही टोपलं उचललं नव्हतं. बादल ढोलाच्या चावीवर हात ठेवून उभा होता आणि चावी फिरवत नव्हता. त्यानं काकाकडं पाहिलं नाही, आईकडंही नाही. पण हात तिथून काढला नाही. पाटील धुऱ्यावरून विचारत होते, आता काय राहिलं.

हेमसिंग शिव्या पुटपुटत आला, रूपलाच्या जागी उकिडवा बसला आणि काडी ओढली. जाळ धरला. त्याच्या कपाळावर घाम आला. बायका उठल्या, टोपल्या भरू लागल्या. तोंडावर झळा येत होत्या, म्हणून त्यानं दुपट्टा डोक्याला गुंडाळला. रुपाबाई त्याच्यासमोर, हाताच्या अंतरावर, मातीत मांडी घालून बसली. वर मीटरचा काटा हलला, चढू लागला.

“आता तं झालं ना तुह्या मनासारखं?” त्यानं विचारलं.

“नाही,” ती म्हणाली.

ढोल भरले. काटा आणखी चढला. लाल रेघेपाशी आला, आणि माथ्यावरची नवी शिट्टी एकदम उचलली जाऊन वाफेचा पांढरा फवारा फुस्स करत सुटला. हेमसिंग दचकून अर्धा उभा राहिला.

“बस,” रुपाबाई म्हणाली.

तो बसला.